आधी विहीर दाखव

मोटारी विकायचं दुकान काढून गिऱ्हाइकाला मोटार न विकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्याच्याच दुकानात मी नोकरीला होते. मोटार म्हणजे चार चाकांची नव्हे हं, विहिरीतलं पाणी उपसायची. कर्जतच्या बाजारात आमचं दुकान. आमचं म्हणजे चाचांचं. पण तिथे इतकी वर्षं बिलं फाडली की तोंडात 'आमचं'च येतं. दारात काळ्या पाइपांची भेंडोळी, आत भिंतीला टेकलेल्या मोटारी, आणि सगळ्यांच्या पुढे स्टूल टाकून बसलेले चाचा. डोक्यावर पांढरी टोपी, आणि गिऱ्हाइकाकडे बघायची तऱ्हा अशी, की जणू ते काही चोरायलाच आलंय.

"चाचा, पाच एचपीची द्या एक."

"कशाला? समुद्र उपसायचाय?"

"विहीर हाय ना आपली."

"हाय ना? मग आधी विहीर दाखव."

झालं! चाचा उठायचे, थर्मास आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकायचे, एक जुनी मोटार स्कूटरच्या पुढ्यात ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला मागे बसवून चालू पडायचे. दुकान माझ्यावर. तिकडे जाऊन काय करायचे? तर आपल्या मोटारीने त्या माणसाची विहीर तळापर्यंत उपसायचे, मोटार बंद करायचे आणि काठावर बसून राहायचे. दोराला चिंधी बांधून आत सोडलेली. झरे किती जोराने येतात, पाणी चिंधीला कधी लागतं, ते बघत चहा प्यायचा. त्या बिचाऱ्याला वाटायचं आता झालं, आता झालं. चाचा म्हणायचे, "गप बस रं. विहिरीला विचारलंय, तिला उत्तर द्यायला येळ लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बघायचे. रात्रीत जेवढी भरली असेल, त्या बेताने मोटार. पाच एचपी मागणाऱ्याला तीनची, तीन मागणाऱ्याला दीडची, आणि कितीतरी जणांना नुसताच चहा. माणसं चिडायची, सरळ पनवेल गाठायची आणि हवी ती मोटार घेऊन यायची. मी डोक्याला हात लावायचे. "चाचा, अशानं दुकानाला कुलूप लागेल!" तर म्हणायचे, "लागू दे. कुलूप पन आपल्याच दुकानात मिळतं." आमच्याकडे कुलपं ठेवलेली नव्हती, हे त्यांना कोण सांगणार.

चाची तर म्हणायच्या, "ह्यांना पाणपोईवर बसवलं ना, तर आल्यागेल्याला विचारतील, तुझी तहान खरी हाय का?" आणि ते काही खोटं नव्हतं. दुकानात कुणी पाणी मागितलं तर अर्धाच पेला मिळायचा. "अजून पायजे तर अजून माग, पन उष्टं टाकू नको." एवढं सांगूनही कुणी घोटभर ठेवलंच, तर चाचा तो पेला उचलून दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा करायचे आणि मोठ्याने सांगायचे, "हे पाटलांकडून!" पाटील शरमून उरलेलं बिलही मुकाट्याने चुकतं करून जायचे. तो कढीपत्ता मात्र असा फोफावला होता की निम्म्या बाजाराची फोडणी त्याच्यावर व्हायची.

चाचांचं घराणं मूळचं खाडीकडचं. आजोबा मिठाच्या गाड्या घेऊन वर आले आणि इथेच राहिले. "आमी खाऱ्या पाण्याची मानसं," चाचा सांगायचे, "म्हणून गोड्याची किंमत." आता आमच्या भागाचं म्हणाल तर पाऊस असा पडतो की चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत. मुंबईचे पाहुणे म्हणतात, तुमची काय मजा, पाणीच पाणी! त्यांना म्हणावं शिमग्यानंतर या. तोवर डोंगरावर पडलेलं सगळं पाणी डोंगर उतरून समुद्राला मिळालेलं असतं आणि वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन उभ्या असतात. हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण माहीत असलं म्हणून कोण त्याचा विचार करत बसतो? चाचा करत बसायचे.

त्यांना भविष्य सांगायची भारी खोड. हात बघून नाही, विहीर बघून. मोटार घ्यायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "नातू हाय का?" एकदा नुकतंच लग्न झालेला पोरगा आला होता, त्यालाही विचारलं. तो लाजून लाल. चाचा म्हणाले, "लाजतोस काय? व्हईल. आज तू शंभर फुटांवर बोर मारतोस. शेजारी बघून दोनशेवर मारनार. तुझा नातू पाचशेवर जानार. मग?"

"मग काय चाचा?"

"मग दगड उपसायचा."

अशा वेळी त्यांना थांबवणं मुश्कील. धरणाचं पाणी पुढे शहरं पिणार, बंगल्यांचे तलाव त्यातच भरणार, शेताला येणार ते उरलंसुरलं. तेव्हा उरल्यासुरल्यात शेती करायला आत्ताच शिका, हे त्यांचं पालुपद. "पुढं कुनी इचारनार नाय तुज्याकडं पानी किती हाय. इचारतील, एवढ्या पान्यात पिकवलंस किती?" लोक हसायचे. एकदा मुंबईचे एक साहेब गाडी घेऊन आले. खालापूरकडे कुठेतरी फार्महाऊस बांधलं होतं आणि पोहायच्या तलावासाठी मोठी मोटार हवी होती. चाचांनी विचारलं, "पोहायला येतं तुमाला?" साहेब म्हणाले, "अजून नाही, पण..." चाचा म्हणाले, "मग शिकून या." साहेब जे गेले ते गेलेच.

पण म्हणून चाचा जुन्याला चिकटलेले होते असं कुणी समजू नये. नवीन यंत्र दिसलं की लहान मुलासारखे हरखायचे. शेतीच्या प्रदर्शनातून एकदा मातीचा ओलावा सांगणारी कांडी घेऊन आले. ती जमिनीत खोचायची, माती सुकली की मोबाईल वाजणार. "आता माती सोता फोन करनार बघ!" प्रयोगाला शेत कुठलं? कढीपत्त्याची कुंडी. नेमकं त्याच आठवड्यात भाचीचं लग्न निघालं, दोन दिवस दुकान बंद, उष्टं पाणी टाकायला कुणी नाही. इकडे निकाह चालू, मंडपात सगळे गप्प, आणि चाचांच्या खिशात फोनची बोंब. चाचा ताडकन उभे. "माती बोलावतेय!" चाचींनी असा काही सदरा ओढून खाली बसवलं की शिवण उसवली. नंतर चाची मला म्हणाल्या, "सवत असती तर बरं गं, हिला काय बोलायचं?"

आता माझ्या घरचं सांगते. माझं सासर पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. नवरा खोपोलीच्या कारखान्यात, त्यामुळे शेत बघायचा तो माझा दीर किसन. पावसात भात, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर थोडी काकडी. ठिबक आमच्या शेतात पहिल्यांदा आलं ते चाचांमुळे. किसन पाटाने रान तुडुंब भरायचा. ते बघून चाचा म्हणाले होते, "अरे, काकडीला तहान लागते, आंघोळ नाय लागत," आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या नळ्यांची गुंडाळी देऊन टाकली. महिन्याभरात खारींनी आणि उंदरांनी नळ्या कुरतडून चाळण केली. किसन मला म्हणाला, "वयनी, तुज्या चाचाचं ठिबक खारींनी खाल्लं." मी तसंच जाऊन सांगितलं. चाचा जराही रागावले नाहीत. "खात नायत गं त्या, तानेल्या असतात. नळीत पानी वाजतंय ते ऐकतात. बांधाला पान्याच्या वाट्या ठेव." आम्ही पोट धरून हसलो. शेवटी मीच नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून बांधावर ठेवलं. कुरतडणं अगदी बंद झालं नाही, खोटं कशाला सांगू, पण नळ्यांना जोड लावायचं काम पार कमी झालं. खारी पाणी पिऊन माझ्यासमोर मिश्या पुसायच्या.

तरी किसनचं त्या ठिबकावर मन बसलं नाही. त्याला कारणही होतं. फार्महाऊसवाल्यांचे दलाल आमच्या ओसरीवर चहा प्यायला येऊ लागले होते. आजूबाजूची शेतं गेली, कुंपणं पडली. माझ्या नवऱ्याचंही मन डळमळलं होतं. एका पिकाच्या भातावर काय राहिलंय, विकून मोकळे होऊ, असं तो म्हणायला लागला. किसनला शेताशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही. तो हात जोडून म्हणाला, "दादा, मला एक उन्हाळा दे. बोर मारतो, पुरं रान काकडीखाली आनतो. नाय जमलं तर तू सांगशील तिथं अंगठा देतो." नवरा कबूल झाला. म्हणजे त्या एका उन्हाळ्यावर किसनचं सगळं आयुष्य टांगलेलं.

बोरची जागा ठरली शेताच्या वरच्या टोकाला. तिथून हाकेच्या अंतरावर, चढावर, ठाकरवाडी आणि वाडीची एकुलती एक विहीर. बोरला पाणी चांगलं लागलं. किसन उड्या मारतच दुकानात आला, "चाचा, सबमर्सिबल काढा!" चाचा स्कूटर काढून जागा बघून आले आणि सरळ नाही म्हणाले.

"वाडीची हीर आनि तुझा बोर एकाच पोटातले हायत, किसन. तू इथून ओढशील, तिथं आटंल. दोन तास चालव, ठिबकावर, निम्मं रान कर. मोठी मोटार मी देनार नाय."

"निम्म्यात माजं भागत नाय चाचा. माजी जमीन जाईल!"

"ठाव हाय रं मला."

"ठाव हाय तर द्या ना!"

चाचांनी मान हलवली. किसन पाय आपटत गेला, आणि संध्याकाळी घरी मला म्हणाला, "तुज्या चाचाला सांग, धंदा करायचा नसंल तर दुकानात कोंबड्या पाळा म्हनावं." मी दोघांच्या मधे. एकाचं मीठ खात होते, दुसऱ्याच्या हातची भाकरी. दोघांचंही मला पटत होतं, हा त्याहून मोठा घोळ.

किसनने पनवेलहून मोटार आणली. दिवसभर पाणी. रान असं हिरवंगार झालं की बघणारा थांबून बघे. वेलांना फुलं, फुलांखाली बोटाएवढ्या काकड्या. किसनचा चेहराही उजळला. आणि होळी झाल्यावर आठवड्याभरात वाडीवरून बातमी आली की विहिरीला गाळ लागला.

मी चाचांना सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील, 'मी सांगितलं नव्हतं?' म्हणतील. ते नुसतेच टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "किसनला सांग, रविवारी येतो म्हनावं. विहीर बघायची हाय."

"आता बघतायत व्हय! मोटार बसल्यावर!" असं किसन म्हणाला खरा, पण रविवारी त्याने बोरच्या आसपासचं गवत काढलं, खाट टाकली, मला चहा ठेवायला लावला. चाचांनी एकदा हे हिरवं रान बघावं, असं त्याला मनातून वाटत असणार. दुपारी चाचा आले. बोरजवळून तसेच पुढे गेले आणि वाडीची पायवाट चढू लागले.

"चाचा, इकडं! बोर इकडं हाय!"

"बोर बघितलाय मी. आज ती बघायची. चल."

मोटार चालूच होती. किसन मागे, त्याच्या मागे मी, हातात कपबश्या. विहिरीवर हंड्यांची रांग लागलेली. एक बाई आत उतरून वाटीने पाणी भरत होती, वाटी भरायला बराच वेळ लागत होता, आणि बाकीच्या बायका सावलीला बसून वाट बघत होत्या. चाचा करंजाखाली बसले आणि नेहमीसारखा थर्मास उघडला. किसन उन्हात तसाच उभा.

रांगेत भागीआजी होती. वाडीतली सगळ्यांत म्हातारी. तिच्या हंड्यात तळाला थोडं पाणी जमलेलं. तिने कपाळावर हात धरून किसनकडे बघितलं.

"किसन्या का रं तू? तुमची हीर बी आटली व्हय?"

किसनने वळून खाली आपल्या हिरव्या रानाकडे बघितलं.

"उनाचा आलास. बस हितं. तुजा नंबर माज्यामागं." आणि तिने हंड्यात तांब्या घालून त्याच्यापुढे धरला. "घे, पी. गढूळ हाय, पन गार हाय."

किसनने तांब्या घेतला. नाही म्हणावं तर म्हातारीचा अपमान, आणि प्यावं तर कसं? तो प्यायला. सगळा प्यायला. तांब्या पदराने पुसायला म्हातारी पुढे झाली, तर त्याने तो आपल्या शर्टाला पुसून तिच्या हातात दिला आणि वळून तरातरा उतरून गेला.

थोड्या वेळाने खालून येणारा मोटारीचा आवाज थांबला.

"लाइट गेली वाटतं," भागीआजी म्हणाली.

"व्हय," चाचा म्हणाले, "गेली."

संध्याकाळपर्यंत चाचा तिथून हलले नाहीत. विहिरीला विचारलं होतं ना! दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या बायकांचे हंडे दोराने बुडाले. निम्मी काकडी मात्र किसनने हातची सोडली. वरच्या अंगाचे वेल उन्हात वाळताना त्याच्याने बघवत नव्हतं. तो तिकडे पाठ करून काम करायचा. खालच्या निम्म्या रानाला चाचांनी स्वतः उभं राहून नळ्या अंथरून दिल्या, वेलांच्या बुडाशी भाताचा पेंढा पसरायला लावला. आणि विहीर बघून हिशेब सांगितला की वाडीचं पाणी भरून झाल्यावर दोन तास मोटार, बस्स. त्या दोन तासांत निम्मं रान जगलं. नुसतं जगलं नाही, पाडवा झाल्यावर टेंपो भरून गेला. माझा नवरा रविवारी बांधावर उभा राहिला, नळीच्या भोकातून ठिबकणारं पाणी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्यात व्हतंय तर ऱ्हाऊ दे." दलाल पुढे चहाला आले ते माझ्या हातचा बिनसाखरेचा पिऊन गेले.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीतच पडून गेली. सकाळी किसन स्टार्टरजवळ उभा राहून वर हाक मारतो, "आजीऽ, झालं का गं?" आणि वरून होकार आल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. आसपासच्या दोनचार बोरवाल्यांनीही पुढे वाडीच्या हाकेवर मोटारी लावायला सुरुवात केली. काहींनी नाही केली, तेही खरं. चाचांना मी हे सांगितलं, त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला विहीर न बघताच मोटार दिली. मग आठवण झाल्यावर त्याच्या मागे स्कूटर घेऊन धावले.

चाचा गेले ते मागच्या उन्हाळ्यात, चैत्रात. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. मी चाचींजवळ थांबले. किसन मयतीला गेला, मूठमाती देऊन आला. आमचं घर, आमची जमीन आज आमची आहे ती या माणसाच्या 'नाही'मुळे, हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "आभार कसले मानतेस, गिऱ्हाईक बघ." पण आज सांगते. मला त्या माणसाने जेवढं दिलं, तेवढं कुणी दिलेलं नाही.

मयतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेले तर ऊन चढलं होतं, वेल माना टाकून पडले होते आणि किसन स्टार्टरच्या खोपटापुढे उकिडवा बसलेला. हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "भावजी, मोटार?"

"आज नाय वयनी. सुतक हाय."

एवढंच म्हणाला आणि मातीत काडी ओढत बसला. ज्याला कोंबड्या पाळायला सांगितलं, त्याचं सुतक! मीही मग बांधावर टेकले. तेवढ्यात वरून, चढावरून, भागीआजीचा आवाज आला. न विचारता, आपण होऊन.

"किसन्याऽ! आमचं कवाच भरून झालं रं! लाव मोटार! काकडी काय सुतक पाळती व्हय?"

किसन उठला. बाहीने तोंड पुसलं आणि बटण दाबलं. नळ्यांत पाणी शिरल्याचा आवाज झाला, वेलांच्या बुडाशी पेंढा भिजू लागला, आणि मी तिथेच बसून पोटभर रडले.